दोनशे सतरा, तीन प्रतींत

दिल्लीच्या द्वारका भागातल्या कोयना सोसायटीत श्यामकांत रिसबूड पेढे वाटायला निघाले की लोक समजत, अमेरिकेत कुठेतरी एक मोटार मेली.

ओहायोमध्ये एक झाडावर आदळली, तेव्हा अर्धा किलो पेढे आले. ॲरिझोनात एक गॅरेजसकट जळाली, तेव्हाही अर्धा किलो. फ्लोरिडात एका वादळात एकदम दोन बुडाल्या, तेव्हा काजूकतली. मेलेली गाडी प्रत्येक वेळी एकाच जातीची असे : केन्ड्रिक ऑस्प्रे टर्बो, साल १९८७, रंग काळा, दारं दोन. कंपनीनं अशा चारशे बारा काढल्या आणि चार वर्षांनी कंपनीच बुडाली. त्या चारशे बारांतली दोनशे सतरा क्रमांकाची गाडी कोयना सोसायटीच्या नऊ नंबरच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि तिचे मालक रिसबूड होते.

रिसबूडांकडे एक वही होती. डावीकडे तारीख, मधे गाडीचा क्रमांक आणि मृत्यूचं कारण, उजवीकडे शिल्लक. २०२३च्या जानेवारीत शिल्लक एकशे अडुसष्ट होती.

"लोक मुलं पास झाली की पेढे वाटतात," त्यांच्या पत्नी चंद्रप्रभा म्हणायच्या, "आमच्याकडे कुणीतरी झाडावर आदळावं लागतं."

"अगं, माणसाला काही झालेलं नाही. मी चौकशी करतो."

"आधी की पेढे आणल्यावर?"

त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरी एक यादी होती. १९६६ साली केंद्र सरकारात असिस्टंट म्हणून लागलेल्या रिसबूडांच्या तुकडीची. लागले अडतीस, शिल्लक नऊ. त्या यादीवर पेढे वाटायची प्रथा अजून पडलेली नव्हती.

त्या नवांपैकी दोघे कोयना सोसायटीतच राहत. एक रिसबूड, दुसरे भालचंद्र घैसास. दोघांनी चौतीस वर्षं एकाच इमारतीत नोकरी केली, दोघेही अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, पण घैसास अकरा महिने आधी अवर सचिव झाले होते आणि ही गोष्ट दोघांनीही विसरायचं नाकारलं होतं. घैसास आता सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"आकडा चारशे का चारशे बारा?" घैसास मुद्दाम विचारत. "मी इंटरनेटवर जाहिरात पाहिली. त्यात फक्त चारशे लिहिलंय."

"जाहिरातीत चारशे. वरच्या बारा डायरेक्टरांच्या नातेवाइकांना दिल्या."

"अच्छा. म्हणजे कोटा."

"डिस्क्रिशनरी कोटा," रिसबूड म्हणत. अमेरिकेबद्दलचा त्यांचा आदर त्या बारा गाड्यांमुळे कमी झाला नव्हता, उलट तो देश त्यांना कळल्यासारखा वाटू लागला होता.

गाडी त्यांना १९९१ साली मिळाली. परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या लिलावात निघत, त्यातली ही एक. तिला कुणी हात लावेना, कारण स्टिअरिंग डावीकडे, दारं दोनच आणि पेट्रोल मोरीत ओतावं तसं लागायचं. रिसबूडांनी भरलेली बोली मारुतीपेक्षा कमी होती आणि ती एकमेव होती. गाडी घरी आणल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरची पितळी पट्टी वाचली, '२१७ / ४१२', आणि त्या दिवसापासून ते बदलले. तोपर्यंत ते लाखो सरकारी नोकरांतले एक होते. आता ते चारशे बारांतले एक झाले, आणि हिंदुस्थानात तर एकटेच.

टर्बो मात्र तीन वर्षंच टिकला. करोल बागेतल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून टर्बोच्या गोगलगायीसारख्या डब्याकडे बोट दाखवत सांगितलं, "साब, ये घोंघा निकलवा दो. एवरेज बढ़ जाएगी." ॲव्हरेज हा शब्द ऐकल्यावर मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच रिसबूडांनी केलं. लिटरला पाचाचे साडेसहा किलोमीटर झाले. काढलेला टर्बो जुन्या परकरात गुंडाळून माळ्यावर आकाशकंदिलाशेजारी ठेवला गेला. पाहुणे आले की तो खाली येई आणि ट्रेमध्ये ठेवून दाखवला जाई. जगातल्या दुर्मीळ टर्बो गाड्यांपैकी ही एक बिनटर्बोची होती, आणि हा मुद्दा काढायची हिंमत फक्त चंद्रप्रभाबाईंमध्ये होती.

त्यांना तो अधिकारही होता. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे रिसबूडांना पुढच्या ट्रकपलीकडलं काही दिसत नसे. उजवीकडे बसलेल्या चंद्रप्रभाबाई मान काढून बघत आणि "जा" किंवा "नको" म्हणत. बत्तीस वर्षं ही गाडी त्या दोन शब्दांवर चालली. सिग्नलला पोलीस लायसन्स मागायला त्यांच्याच खिडकीशी येत.

१९९४ साली गाडीच्या चाकांच्या चारही चकत्या चोरीला गेल्या. रिसबूडांना पट्टीची काळजी लागली. कचेरीत महत्त्वाचा कागद एकाच प्रतीत ठेवत नाहीत. मूळ कपाटात, एक सत्यप्रत वापरात, एक फाइलला. पट्टीचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. पहाडगंजमध्ये पितळी पाट्या कोरणाऱ्या एका कारागिराकडे ते मूळ पट्टी घेऊन गेले आणि ऑर्डर लिहून दिली : 'नमुन्याप्रमाणे पट्ट्या, तीन नग. सत्यप्रतींच्या मागे टी. सी., म्हणजे ट्रू कॉपी, ही इंग्रजी अक्षरं ठोकावीत.' आठ दिवसांनी पट्ट्या घेतल्या, मोजल्या, तीन भरल्या. खरेदीच्या मालाची दहा टक्के तपासणी करावी असा नियम त्यांना पाठ होता. तिनाचे दहा टक्के म्हणजे एकही नाही, तरीसुद्धा त्यांनी एक पट्टी उलटून पाहिली. टी. सी. ही अक्षरं होती. पावतीवर त्यांनी लिहिलं, 'तीन नग सुस्थितीत मिळाले', सही केली आणि पावतीची एक प्रत आपल्या फाइलला लावली. एक पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये गेली, एक डॅशबोर्डवर, एक फाइलमध्ये.

यानंतर एकोणतीस वर्षं काही बिघडलं नाही.

२०२३च्या जानेवारीत घैसासांनी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस पाठवली. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्लीत ठेवता येत नाही, सोसायटीला विचारणा झाली आहे, तरी वाहन क्रमांक अमुक ३१ मार्चपर्यंत हलवावं, अन्यथा भंगाराची क्रेन बोलावण्यात येईल.

रिसबूड नोटीस घेऊनच त्यांच्या दारात गेले.

"घैसास, ही व्हिंटेज गाडी आहे."

"व्हिंटेजला पन्नास वर्षं लागतात. तुमची छत्तीस झाली."

"मग चौदा वर्षं थांबा."

"बिल्कुल थांबलो असतो. पण तेव्हा तुम्ही ब्याण्णव, मी त्र्याण्णव. क्रेन कुणासाठी बोलवायची, यावर घोळ होईल."

एक वाट होती. गुरुग्राममधल्या एका बिल्डरनं जुन्या गाड्यांचं खासगी संग्रहालय काढलं होतं. चालवायची नाही, नुसती उभी ठेवायची, अशी गाडी तिथे राहू शकत होती. संग्रहालयाच्या मॅनेजर वृंदा मेहरा फोनवर फार आदरानं बोलल्या. "सर, चार सौ बारह में से एक? हम तो हॉल के बीच में रखेंगे." फक्त ऑस्प्रे रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र हवं होतं. ३१ मार्चच्या आत.

ऑस्प्रे रजिस्ट्री म्हणजे ओहायोतल्या एका गावच्या निवृत्त ग्रंथपाल, मिस हॉलिस. कंपनीचे कागद गोदामात भिजून नाहीसे झाले होते. टर्बो कुणीही कुठल्याही गाडीला बसवू शकत होतं. म्हणून मिस हॉलिस यांचा नियम क्रमांक एक असा होता : नोंद पट्टीची होते, गाडीची नाही. ज्याच्याकडे कारखान्याची मूळ पट्टी, त्याचा क्रमांक.

"योग्य आहे," रिसबूड म्हणाले. "आपल्याकडेही पेन्शन माणसाला मिळत नाही, हयातीच्या दाखल्याला मिळते."

इतकी वर्षं त्यांनी मिस हॉलिस यांच्या वेबसाइटवरून मेलेल्या गाड्या उतरवून घेतल्या होत्या (जिवंत गाड्यांची यादी तिथे नसे), पण स्वतःची जिवंत गाडी कळवली नव्हती. आपण होऊन कुणाला कळवणं त्यांना खालच्या पायरीचं वाटे. विचारणा तिकडून यायला हवी होती. आता त्यांनी अर्ज केला, सोबत फोटो जोडले. चौथ्या दिवशी उत्तर आलं.

'प्रिय मिस्टर रिसबूड, क्रमांक २१७ आमच्याकडे २०१६ पासून नोंदलेला आहे. तोही भारतातच. मालक सतपाल बत्रा, पानिपत. कृपया एकमेकांशी बोलून मूळ पट्टी कुणाकडे आहे ते मला एका ओळीत कळवा.'

रिसबूडांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग त्यांनी चार पानांचं उत्तर लिहिलं. विषय, संदर्भ, क्रमवार मुद्दे. मूळ पट्टी आपल्याच लॉकरमध्ये आहे, पानिपतची पट्टी बनावट आहे, आणि हा प्रकार रजिस्ट्रीच्या निष्काळजीपणाचा नमुना आहे, असं त्यांनी नोंदवलं. शेवटी शिफारस केली : 'ज्याने अशा नकला तयार करवल्या असतील त्याची गाडी कायमची यादीबाहेर काढावी, मग ती गाडी कितीही खरी असो. या निर्णयावर अपील असू नये.'

मिस हॉलिस यांनी लिहिलं, 'सूचना उत्तम आहे. नियम क्रमांक नऊ म्हणून स्वीकारली. एका ओळीची वाट पाहते.'

"बघ," रिसबूड म्हणाले, "अमेरिकेचे नियम मी लिहितोय."

चंद्रप्रभाबाई शेंगा निवडत होत्या. "तुम्ही लिहिलेल्या नियमात आजवर कोण सापडलंय, आठवतंय का? पंच्याऐंशी साली उशिरा येणाऱ्यांची अर्धी रजा कापायचा नियम केलात. पहिली रजा कुणाची गेली?"

"त्या दिवशी बस बंद होत्या."

"हो. सगळ्यांनाच बंद होत्या. तुम्हीच रजा कापून घेतलीत."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पानिपतला जायचं ठरवलं. चौकशीला साक्षीदार लागतात. एक चंद्रप्रभाबाई. दुसरा सरकारी नियमांची माहिती असलेला आणि अर्जदाराशी जिव्हाळ्याचे संबंध नसलेला हवा होता. घैसास दोन्ही अटींत बसत होते.

"मराठी माणूस दिल्लीहून पानिपतला निघाला की घरच्यांनी निरोप नीट घ्यावा," भाड्याच्या टॅक्सीत बसल्यावर घैसास म्हणाले.

"तेव्हा फौजेबरोबर बुणगे होते म्हणतात," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"आता नाहीत ना?"

"तुम्ही आहात की भावजी."

रिसबूडांच्या मांडीवर ब्रीफकेस होती. तिच्यात लॉकरमधून काढलेली पट्टी पाकिटात, पाकिटावर लाख. फाइल स्वतंत्र, तिच्यात दुसरी पट्टी. डॅशबोर्डवरची तिसरी पट्टी चंद्रप्रभाबाईंच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात. तिन्ही एकत्र ठेवायच्या नाहीत, असा सुरक्षेचा नियम होता.

सतपाल बत्रांचा ब्लँकेटचा कारखाना होता. साठीचे, गोल, आनंदी गृहस्थ. त्यांनी आधी लस्सी पाजली, मग तिघांनाही एकेक ब्लँकेट दिलं आणि मग ते कशासाठी आले आहेत ते विचारलं. रिसबूडांनी प्रस्तावना सुरू केली. बत्रांना तिसऱ्या मुद्द्यापर्यंत धीर निघाला नाही.

"ओ जी, गड्डी देखनी है ना? आओ."

गाडी शेडमध्ये होती. ऑस्प्रेच, पण साधी. केन्ड्रिकनं अशा साध्या ऑस्प्रे चौसष्ट हजार काढल्या होत्या. हिचा मूळ रंग पांढरा असावा, दाराच्या कडांना तो अजून दिसत होता. वरून काळा मारलेला. बॉनेटवर कालच्या लग्नाचा झेंडू वाळत होता. टर्बो नव्हता, कधीच नव्हता. डॅशबोर्डवर पितळी पट्टी होती : '२१७ / ४१२'.

"शादियों में देता हूँ," बत्रा म्हणाले. "दूल्हा खुश, बाराती खुश. ये प्लेट चौरानवे में पहाड़गंज से ली थी. डैशबोर्ड में छेद था जी, उस पे लगा दी. एकदम नाप की निकली."

"म्हणजे हे भोक झाकायला लावली?" घैसासांनी मराठीत विचारलं.

"और अमेरिका में नाम किसने लिखवाया?" रिसबूडांनी विचारलं.

"भांजी ने. कनाडा में है. फोटो भेज दी थी कहीं. मुझे तो एक सर्टिफिकेट आया, मैंने दुकान में टाँग दिया."

रिसबूडांनी घसा साफ केला. हा क्षण त्यांनी टॅक्सीत बसल्यापासून मनात तयार केला होता. त्यांनी बत्रांना समजावलं की मूळ पट्टीच्या मागे कारखान्याचा शिक्का असतो आणि नकलेच्या मागे टी. सी. ही अक्षरं, कारण ती त्यांनी स्वतःच ठोकायला सांगितली होती. यावरून खरं-खोटं अर्ध्या मिनिटात ठरेल. बत्रांनी मान डोलावली आणि नाण्यानं दोन स्क्रू काढून पट्टी त्यांच्या हातात दिली.

रिसबूडांनी ती उलटी केली. मागे कारखान्याचा शिक्का होता. गरुड, त्याखाली 'केन्ड्रिक'.

मग रिसबूडांनी ब्रीफकेस उघडून लाखेचं पाकीट फोडलं. मागे टी. सी. त्यांनी फाइलमधली पट्टी काढली. टी. सी.

"वहिनी, तुमच्याजवळची," घैसास हळूच म्हणाले.

चंद्रप्रभाबाईंनी चष्म्याच्या घरातून पट्टी काढली, स्वतः पाहिली आणि नवऱ्याच्या हातात दिली. टी. सी.

"पण मी तीनच घेतल्या," रिसबूड म्हणाले. "मोजून घेतल्या."

"ऑर्डर बघू," घैसास म्हणाले. चौतीस वर्षांची सवय होती. फाइल त्यांनी स्वतः चाळली, चौदाव्या पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचलं. "'नमुन्याप्रमाणे पट्ट्या, तीन नग.' रिसबूड, नमुना परत करावा, हे कुठंय?"

"ते गृहीत असतं."

"मूळ धरून तीन, की मूळ सोडून तीन?"

"मूळ धरून."

"तसं लिहिलेलं नाही. त्यानं तीन केल्या, तुम्ही तीन घेतल्या. सप्लाय ऑर्डरप्रमाणे आहे. नमुना त्याच्याकडे राहिला." घैसासांनी फाइल मिटली. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.

बत्रांना आता आठवलं. "हाँ जी! दुकानवाला बोला था, एक बाबूजी आए थे, तीन नई चमकती ले गए, पुरानी छोड़ गए. गिनके ले गए, दस्तख़त करके."

चंद्रप्रभाबाईंना हसू आवरेना. त्यांनी ब्लँकेट तोंडाशी धरलं.

बत्रा नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून नवऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मूळ पट्टी रिसबूडांच्या खिशात घातली. "ले जाओ अंकलजी. आपकी ही है. दूल्हे को नंबर से क्या लेना-देना? आप अपनी वाली एक दे दो, छेद ढकना है बस."

रिसबूडांनी त्यांना एक सत्यप्रत दिली. पावती मागितली नाही. परतीच्या प्रवासात ते सोनीपतपर्यंत चौदावं पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

सोनीपतनंतर घैसास म्हणाले, "रिसबूड, मी काही पाहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मूळ पट्टी तुमच्याकडे आहे. बाईंनी एक ओळ मागितलीय. 'मूळ पट्टी माझ्याकडे आहे.' हे खोटं नाही. गाडी गुरुग्रामला जाईल, माझी क्रेन वाचेल. चलो, विषय संपला." खिडकीबाहेर पाहत त्यांनी पुढे जोडलं, "नऊ जण उरलोत. किती भांडायचं?"

घैसासांनी अकरा महिन्यांची ज्येष्ठता बाजूला ठेवून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

मूळ पट्टी रिसबूडांच्या टेबलावर तीन दिवस होती. एक ओळ लिहिली की काम होणार होतं. पहिल्या दिवशी त्यांनी ती लिहिली आणि खोडली, कारण ओळीला संदर्भ नव्हता. दुसऱ्या दिवशी संदर्भ घातला, तर पार्श्वभूमी हवी झाली. तिसऱ्या दिवशी पार्श्वभूमीत १९९४ साल आलं.

"प्रामाणिकपणा करताय का?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं. "तसं असेल तर मी काही म्हणणार नाही."

रिसबूडांनी विचार केला. "तसं नाही गं. चौकशी पूर्ण झालीय. साक्षीदार आहेत, पुरावे आहेत, चौदावं पान आहे. इतकी स्वच्छ चौकशी माझ्या नोकरीत एकदाही झाली नाही. अहवाल द्यायचाच नाही?"

"त्यात दोषी तुम्ही आहात."

"म्हणून तर स्वच्छ आहे. मंत्र्याचा फोन येणार नाही."

"आणि गाडी?"

रिसबूडांनी कोऱ्या कागदावर समास आखला. चंद्रप्रभाबाई उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "नको." तोच आवाज, जो ट्रकमागे असताना यायचा. बत्तीस वर्षांत हा शब्द ऐकून त्यांनी ब्रेक लावला नाही, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

अहवाल अकरा पानांचा झाला, जोडपत्रं सहा. दुर्लक्षाची जबाबदारी निश्चित करताना त्यांनी 'तत्कालीन अवर सचिव, श्री. रिसबूड' असा उल्लेख केला आणि ऑर्डरचा मसुदा सदोष असल्याचा शेरा मारला. पानिपतची गाडी साधी आहे, टर्बो नाही, रंगही नंतरचा आहे, हे सातव्या परिच्छेदात नोंदवलं. मिस हॉलिस यांना अहवाल वाचायला दोन दिवस लागले. उत्तर लहान होतं.

'प्रिय मिस्टर रिसबूड, इतकं पूर्ण उत्तर मला कुणी कधी दिलेलं नाही. आपण सुचवलेल्या नियम नऊप्रमाणे आपली गाडी यादीबाहेर राहील. नियम एकप्रमाणे नोंद पट्टीची आहे, म्हणून कृपया मूळ पट्टी मिस्टर बत्रा यांना परत करावी. २१७ पानिपत येथे कायम आहे. मला एक ओळ पुरली असती.'

रिसबूडांनी पट्टी रजिस्टर्ड पोस्टानं पानिपतला पाठवली. सोबत सत्यप्रत परत करावी, असं कळवलं. बत्रांनी ती परत केली आणि पार्सलमध्ये आणखी एक ब्लँकेट घातलं. गुरुग्रामहून वृंदा मेहरांचा फोन आला. "सर, सॉरी. बॉस कह रहे हैं, नंबरवाली चाहिए. पानिपत वाले का कॉन्टैक्ट मिल सकता है?" रिसबूडांनी नंबर दिला. त्यांनी तो दोनदा वाचून पडताळूनही घेतला.

३१ मार्चला सकाळी अकरा वाजता क्रेन आली. ती पार्किंगच्या कमानीतून आत येईना, म्हणून गाडी ढकलत बाहेर न्यावी लागली. वॉचमन आणि क्रेनवाले मागून ढकलत होते. रिसबूड डावीकडे स्टिअरिंग धरून बसले होते. उजवीकडे कुणी नव्हतं आणि गेटपाशी भाजीचा टेम्पो आडवा उभा होता. चंद्रप्रभाबाई आधी वरून, गॅलरीतून पाहत होत्या. मग त्या खाली आल्या, गाडीच्या उजव्या अंगानं चालू लागल्या आणि टेम्पोपाशी मान पुढे काढून म्हणाल्या, "थांबा." टेम्पो सरकला. "जा."

भंगारवाल्याला रिसबूडांनी पावती तीन प्रतींत मागितली. तो म्हणाला, "अंकल, अब ऑनलाइन है. मोबाइल पे एक आएगी." माळ्यावरचा टर्बोही त्यांनी त्याला दिला. त्यानं तो परकरातून काढून पाहिला, परकर परत केला आणि टर्बो मागे फेकला.

संध्याकाळी घैसास आले. हातात मिठाईचा डबा होता. ते खुर्चीत बसले. मग डबा उघडून त्यांनी पुढे केला.

"प्रथा तुमचीच आहे," ते म्हणाले. "मी चेष्टा करत नाहीये. म्हणजे थोडी करतोय."

रिसबूडांनी वही आणली. सरकारी नोकरीत काय आणि बाहेर काय, नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. त्यांनी तारीख घातली आणि पेन मधल्या रकान्यावर थांबलं. क्रमांक कुठला लिहायचा? दोनशे सतरा पानिपतला होती, डॅशबोर्डातलं भोक झाकत होती, आणि गुरुग्रामच्या हॉलमध्ये मधोमध उभी राहणार होती. आज भंगारात गेली ती यादीत नव्हतीच. त्यांनी मधला रकाना मोकळा सोडला आणि उजवीकडे लिहिलं : शिल्लक १६८.

"घ्या ना," घैसास म्हणाले.

"नको." रिसबूडांनी वही मिटली आणि डबा हलकेच त्यांच्याकडे सरकवला. "आकडा कमी झालेला नाही. नियमात बसत नाही."